बालीला निघताना बॅगेत हमखास राहून जाणाऱ्या वस्तू

निशिगंध

नमस्कार मंडळी. भाऊबीज आटोपली की आम्ही चौघं बालीला निघतोय: मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि माझी आई. आईचं वय ६८, मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे आणि तिचा हा पहिलाच परदेशप्रवास. मुंबईहून सिंगापूर, तिथे दोन रात्री, मग देनपसार, म्हणजे बालीचा विमानतळ. बालीत तीन रात्री उबुड, तीन सानूर आणि एक शेजारच्या नुसा पेनिदा बेटावर.

कपडे, पासपोर्ट, चार्जर अशा याद्या कुठेही मिळतात, त्या नकोत. दोन वर्षांपूर्वी थायलंडला गेलो तेव्हाची गोष्ट सांगते, म्हणजे मी काय विचारतेय ते कळेल. टोपी आणि कंगवा घरी राहिले होते, ते हॉटेलच्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळाले. पण लेकीच्या अंगावर पित्त उठतं त्याचं औषधही राहिलं होतं. मला नाव माहीत होतं ते कंपनीचं. आत कोणतं औषध आहे ते मी कधी वाचलंच नव्हतं. रात्री नऊला तिथल्या औषधाच्या दुकानात उभी राहून मी मोबाइलमध्ये बाटलीचा जुना फोटो शोधत होते आणि लेक शेजारी खाजवून खाजवून रडत होती. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

तर अशा वस्तू सांगा, ज्या घरून निघताना आठवत नाहीत आणि तिथे गेल्यावर मिळत नाहीत, किंवा हव्या त्या वेळेला मिळत नाहीत.

वाटसरू

चांगला धागा काढलात. मी बालीला दोनदा जाऊन आलोय, एकदा मित्रांबरोबर, एकदा आईवडिलांना घेऊन. मला ज्या गोष्टी नडल्या, त्यातल्या निम्म्या बॅगेत भरायच्या नव्हत्याच.

कार्डापासून सुरुवात करतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑक्टोबर २०२० पासून नवं किंवा बदलून आलेलं कार्ड फक्त देशातल्या वापरापुरतं सुरू असतं. परदेशातला वापर बँकेच्या अॅपमध्ये जाऊन स्वतः चालू करावा लागतो. त्यातही एटीएम, दुकानातलं मशीन आणि ऑनलाइन अशी वेगवेगळी बटणं असतात. हे घरी बसून करा, कारण तिथे गेल्यावर करायचं तर ओटीपी लागतो आणि ओटीपी येतो आपल्या भारतातल्या नंबरवर. म्हणून भारतातलं सिम फोनमधून काढू नका. निघण्याआधी त्यावर रोमिंग सुरू करून घ्या आणि नेटसाठी ई-सिम किंवा दुसरं सिम वापरा.

डॉलर नेणार असाल तर नव्या, कोऱ्या, घडी न पडलेल्या नोटा मागून घ्या आणि त्या पुठ्ठ्याच्या फाइलमध्ये ठेवा. नोटेवर घडी, शाईचा ठिपका किंवा बँकेचा शिक्का असेल तर तिथले पैसे बदलून देणारे ती नाकारतात, नाहीतर भाव कमी देतात. वडिलांच्या खिशातली शंभराची नोट चौपदरी घडी घातलेली होती. ती तशीच परत आली.

तिथल्या बऱ्याच एटीएममध्ये आधी पैसे बाहेर येतात आणि कार्ड नंतर. आपल्याला कार्ड आधी घ्यायची सवय. पैसे मोजत माणूस चालू लागतो. घरातल्या प्रत्येकाला हे सांगून ठेवा. आणि शून्यांचा गोंधळ होतो, म्हणून एवढंच पाठ करा की एक लाख रुपिया म्हणजे आपले पाचशे-साडेपाचशे रुपये.

प्लगचं म्हणाल तर बालीत दोन गोल पिनांचं सॉकेट असतं. आपला मोबाइलचा दोन पिनांचा चार्जर तिथे चालतो, पण लॅपटॉपची तीन जाड पिनांची वायर जात नाही. तुम्ही सिंगापूरला दोन रात्री आहात, तिथे चौकोनी तीन पिना. म्हणजे दोन्हीकडे चालेल असं अॅडॉप्टर हवं, आणि त्याबरोबर घरचं एक लहान एक्स्टेंशन. चार माणसांचे फोन एका सॉकेटवर चार्ज होत नाहीत.

आणि हो, लेकीचा पासपोर्ट आजच उघडून बघा. मोठ्यांचा दहा वर्षांचा असतो, लहान मुलांचा पाच वर्षांचा. आपला चालू आहे म्हणून तिचाही असेल असं आपण धरून चालतो. बालीत पोचण्याच्या दिवसापासून सहा महिने मुदत शिल्लक लागते.

निशिगंध

वाटसरू, मनापासून आभार. लेकीचा पासपोर्ट आत्ता उठून बघितला. पुढच्या जुलैपर्यंत आहे, म्हणजे चालेल. पण खरंच बघितला नव्हता.

डॉक्टरकाकू

निशिगंध, मी फॅमिली डॉक्टर आहे. तुमच्या आईबद्दल वाचलं म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इन्सुलिन कायम हातातल्या बॅगेत ठेवायचं, मोठ्या बॅगेत कधीच नाही. विमानाच्या पोटात ते गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन दिसायला ठीक दिसलं तरी कामाचं राहत नाही. बॅग उशिरा आली किंवा हरवली तर काय, हा प्रश्न वेगळाच. लागेल त्याच्या दुप्पट न्या आणि दोघांच्या हातातल्या बॅगांत वाटून ठेवा. सुया, साखर तपासायच्या स्ट्रिपा, बोट टोचायच्या लॅन्सेट त्याच्याबरोबरच. शिवाय डॉक्टरांचं लेटरहेडवरचं पत्र, त्यात औषधांची मूळ नावं आणि मात्रा. तुमच्या लेकीच्या औषधाचंही मूळ नाव त्याच कागदावर लिहून घ्या. कंपनीचं नाव देशागणिक बदलतं, मूळ औषधाचं नाव बहुतेक सगळीकडे एकच.

आता गारव्याचं. पाण्यात भिजवायच्या थंड पिशव्या मिळतात, माठासारख्या, बाष्पीभवनावर चालणाऱ्या. पुण्याच्या कोरड्या हवेत त्या उत्तम चालतात. बालीची हवा दमट, तिथे पाणी लवकर उडत नाही, म्हणून पिशवी तेवढी गार होत नाही. दिवसभर बाहेर असाल तर रुंद तोंडाचा लहान थर्मास आणि त्यात रुमालात गुंडाळलेला बर्फाचा पॅक हे जास्त भरवशाचं. इन्सुलिनचं पेन बर्फाला थेट टेकता कामा नये. वापरात असलेलं पेन बहुतेक प्रकारांत ३० अंशांच्या आत महिनाभर टिकतं, तरी तुमच्या पेनच्या माहितीपत्रकात किती दिवस दिलेत ते बघा. उन्हात उभ्या गाडीत मात्र पाच मिनिटंही सोडू नका.

हॉटेलच्या फ्रिजचं एक लक्षात ठेवा. बऱ्याच ठिकाणी दाराचं कार्ड भिंतीतल्या खाचेतून काढलं की खोलीची सगळी वीज बंद होते, फ्रिजसकट. तुम्ही दिवसभर फिरायला आणि औषध बंद फ्रिजमध्ये. पोचल्या पोचल्या काउंटरवर सांगून दुसरं कार्ड मागा आणि ते खाचेतच राहू द्या. औषध आहे म्हटलं की देतात.

दुसरा विषय ताप. आपल्या घरातल्या डब्यात जी अंगदुखीची गोळी असते, तिच्यात बहुधा आयबुप्रोफेन किंवा तसंच काही असतं. डेंग्यूच्या भागात कारण न कळता ताप आला तर ती गोळी किंवा अॅस्पिरिन घ्यायची नाही, रक्तस्रावाचा धोका वाढतो. साधी पॅरासिटामॉल वेगळी, नाव लिहून ठेवा. कोणाला हृदयासाठी रोजची अॅस्पिरिन चालू असेल तर आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना फोन करा. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, सकाळी आणि संध्याकाळच्या आधी जास्त. म्हणजे मच्छरदाणीपेक्षा अंगाला लावायचं मलम महत्त्वाचं. आधी सनस्क्रीन लावा, ते मुरलं की त्यावर डासांचं मलम.

ओआरएसची नेहमीची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. ग्लासभर पाण्यात अख्खी पुडी टाकणारे सुशिक्षित लोक मी रोज बघते, आणि लहान मुलांना त्याने अपाय होतो. एक लिटरची खूण असलेली बाटली बरोबर घ्या. साखरही असते त्यात, म्हणून आईसाठी आधी विचारून ठेवा.

आणि माकडं. बालीत २००८ पासून रेबीज आहे. माकड किंवा कुत्रा चावला, नुसतं ओरखडलं तरी साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. परत गेल्यावर बघू, असं करायचं नाही. यासाठी साबणाची छोटी वडी पर्समध्ये असू द्या. देवळाच्या आवारात साबण सापडेलच असं नाही.

फुलपाखरू

डॉक्टरकाकू, फ्रिजच्या कार्डाचं कधी डोक्यातच आलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

सिंगापूरकर

दिवाळीनंतर लगेच निघताय म्हणून कळकळीने सांगतो. अनारसे आणू नका. अनारसे आपण खसखशीवर थापतो, आणि सिंगापूरमध्ये खसखस आणायला बंदी आहे. अफूच्या झाडाचं बी, म्हणून ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. दुबई, अबुधाबीलाही हेच. आपल्याला ती मसाल्याच्या डब्यातली वस्तू वाटते, त्यामुळे कोणाच्या मनातही येत नाही. ओल्या वाटणाच्या मसाल्यात खसखस असते, कितीतरी घरी करंजीच्या सारणात असते. आईला विचारा कशाकशात घातलीय. साध्या शंकरपाळ्या आणि चकल्या आणा, बिनधास्त.

च्युइंगमही नको, ते १९९२ पासून बंद आहे. ई-सिगारेटही नको. कोडीनचं खोकल्याचं औषध, झोपेच्या गोळ्या, तीव्र वेदनाशामकं यांपैकी ठरावीक औषधांना आधी परवानगी लागते. आईच्या किंवा तुमच्या यादीत असं काही असेल तर निघायच्या बरेच दिवस आधी इथल्या हेल्थ सायन्सेस ऑथॉरिटीच्या संकेतस्थळावर बघा.

मुंबईच्या विमानतळावरचंही एक. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात चालत नाहीत, तेलामुळे पेट घेतात म्हणून. लोणचं आणि तूप हातातल्या बॅगेत नको. पॉवर बँक उलट फक्त हातातल्याच बॅगेत. २०,००० एमएएचची म्हणजे ७४ वॉट-तास, ती चालते. १०० च्या वर परवानगी लागते. पॉवर बँकेवरचा आकडा पुसला गेला असेल तर तपासणीत अडते, म्हणून अक्षरं दिसतील अशी न्या.

निशिगंध

बापरे, अनारशांचा डबा खरोखरच यादीत होता! आईने पीठ भिजवायला काढलं होतं. आता अनारसे इथेच खाऊन निघू.

आजोळ

निशिगंध, तुझ्या आईच्या वयाचीच आहे मी, म्हणून तिच्या बाजूने लिहिते.

जेवणाचं बघ. तिथे टोफू, टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या), शेंगदाण्याच्या चटणीतल्या उकडलेल्या भाज्या असं शाकाहारी माणसाला खूप काही मिळतं. पण चटणीत सुकवलेल्या कोळंबीचा लगदा असतो, त्याला ते तेरासी म्हणतात. दिसत नाही, वासानेच कळतं. तुम्ही शाकाहारी असाल तर ‘तेरासी नको’ हे इंडोनेशियन भाषेत चिठ्ठीवर लिहून घ्या: तान्पा तेरासी. मी ती चिठ्ठी दाखवायचे, आणि बायका हसून मान डोलवायच्या.

आणि मेतकूट ने. गरम भात तिथे कुठेही मिळतो. मेतकुटाचं पाकीट, मीठ-जिऱ्याची पुडी आणि दुकानातून आणलेल्या दशम्या. माझी सून म्हणत होती, इतक्या लांब जाऊन घरचं काय खायचं? पण इन्सुलिन घेतलेलं आणि जेवण दीड तास उशिरा, असं झालं की साखर खाली जाते. पर्समध्ये खाण्याचं काहीतरी पाहिजेच, आणि चार ग्लुकोजच्या गोळ्या.

सोलापुरी पंचे घे, माणशी दोन. टर्किश टॉवेल त्या हवेत दोन दिवस वाळत नाही, कुबट वास येतो. पंचा पिळून पंख्याखाली टाकला की दोन तासांत कोरडा. अंग पुसायला, डोक्यावर घ्यायला, बसायला, सगळ्याला तोच. त्याबरोबर नायलॉनची दोरी आणि दहा चिमटे. नोव्हेंबरात तिकडे पाऊस सुरू होतो.

चष्म्याला दोरी लाव. उलुवातूच्या देवळात माकडं चष्मा ओढून नेतात, फोन नेतात, कानातलंसुद्धा. माझ्यासमोर एका बाईंचा चष्मा गेला. फळं देऊन परत मिळवला, पण एक काडी वाकलेली. तुझ्या आईचा जुना चष्मा घरात पडला असेल तो बरोबर घे आणि नंबरचा कागदही.

देवळात गुडघ्याखाली झाकणारं लुंगीसारखं सारोंग आणि कमरेला पट्टा लागतो. मोठ्या देवळांत बहुधा तिथेच देतात, पण शेकडो लोकांनी घामात नेसलेलं असतं. पाच वाराच्या सुती कापडातून दोन तुकडे फाडून ने. पाळीच्या दिवसांत देवळात येऊ नये अशी पाटी बहुतेक ठिकाणी असते, ते मुलीबाळींनी माहीत असून जावं. त्यावरून आठवलं, पॅड इथूनच पुरेसे ने.

वाटसरू

आजोळ, खाण्याच्या बाबतीत माझं थोडं वेगळं मत आहे. आम्ही पहिल्यांदा एक अख्खी बॅग फराळाने भरली होती. दमट हवेत पाकीट एकदा फोडलं की चिवडा दुसऱ्या दिवशी मऊ पडतो. अर्धं टाकून आलो आणि त्याचं वाईट वाटलं. न्यायचं तर लहान लहान पाकिटं, एका वेळेला संपतील एवढी.

आजोळ

हे पटलं. लहान पुड्या कर. आणि रबर बँड ने मूठभर.

कोकणकन्या

मी मालवणची, समुद्राजवळच वाढले. तरी बालीत दोन गोष्टींनी मला शिकवलं.

एक, पाठ. स्नॉर्केलिंग करताना तोंड पाण्यात आणि पाठ सूर्याकडे. पाण्याच्या गारव्यात तासभर काही कळत नाही. माझी मान, गुडघ्यांच्या मागची बाजू आणि केसांचा भांग असा भाजला होता की तीन रात्री कुशीवर झोपले. भांगाला सनस्क्रीन कोण लावतं? पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टीशर्ट घ्या, लेकीला तर नक्कीच. आणि सनस्क्रीन किती लागतं याचा हिशेब करा. मोठ्या माणसाच्या सगळ्या अंगाला एका वेळी साधारण ३० मिली. म्हणजे १०० मिलीची ट्यूब एका माणसाला तीन वेळा. पाण्यातून आलं की पुन्हा लावायचं. चौघांसाठी एक ट्यूब नेली तर ती पहिल्याच दिवशी संपते, आणि पर्यटकांच्या दुकानात ती फार महाग पडते.

घेताना मागचा मजकूर वाचा. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही द्रव्यं प्रवाळाला मारक मानून पालाऊने २०२० मध्ये, हवाईने २०२१ मध्ये त्यांची सनस्क्रीनं बंद केली. थायलंडच्या सागरी उद्यानांतही २०२१ पासून बंदी आहे, दंड एक लाख बाथपर्यंत. बालीला जातानाही झिंक ऑक्साइडचं घ्या. ज्या प्रवाळासाठी एवढं लांब जातो, त्यावर आपणच ते कशाला सोडायचं?

दुसरी गोष्ट पाय. प्रवाळ ब्लेडसारखं कापतं आणि ती जखम लवकर भरत नाही. पाण्यात घालायचे रबरी तळाचे बूट इथून न्या, मापाचे. मॉरिशसला आपले मराठी लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात, तिथल्या माझ्या मैत्रिणीच्या घरी समुद्रावर निघताना दारातच बूट चढवतात, पाण्यात काटेरी साळिंदरासारखे प्राणी असतात म्हणून. अनवाणी पाण्यात शिरणारा हमखास पाहुणा. बेटाडिन आणि काटा काढायचा चिमटा जवळ ठेवा.

पेनिदाची बोट उसळते. मळमळीची गोळी बसल्यावर नाही, निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी. त्या गोळीने झोप येते, आईंना द्यायची की नाही ते डॉक्टरांना विचारा. फोनला पाणी न शिरणारी पिशवी, गळ्यात अडकवायची, आणि घरच्या बादलीत टिश्यू पेपर घालून आधी तपासून बघा. आणि कपडे: बोटीत शिंतोडे उडतात, कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लास्टिकच्या घट्ट पिशवीत हाताशी हवा.

फुलपाखरू

घामोळ्यांची पावडर कोणी लिहिली नाही अजून. आणि मांड्या घासतात त्यासाठी व्हॅसलिन किंवा आत घालायच्या सुती शॉर्ट्‌स. हे बायका बोलत नाहीत आणि चौथ्या दिवशी चालता येत नाही. बुरशीच्या खाजेची पावडरही ठेवा, ओले कपडे अंगावर राहिले की होतेच.

घाटवाटा

बातुर ज्वालामुखीवरचा सूर्योदय करणार आहात का? १७१७ मीटर उंची, पहाटे अंधारात चढायला सुरुवात. खाली तीस अंश असतात म्हणून लोक हाफ पँटीत येतात आणि माथ्यावर कुडकुडत उभे राहतात. एक विंडचीटर आणि डोक्याला लावायचा टॉर्च न्याच.

पण मला सांगायचंय बुटांबद्दल. दोन-तीन वर्षं कपाटात पडलेले ट्रेकिंगचे बूट न तपासता नेऊ नका. तळव्याचा फेस हवेतल्या ओलाव्याने आतून कुजतो. वरून बूट नव्यासारखा दिसतो. आमच्या गटातल्या एकाचा डावा तळवा अर्ध्या चढावर मगरीसारखा उघडला, पुढे दहा मिनिटांत पूर्ण सुटला, आणि काळ्या धारदार खडीवर तो मोजे आणि दोरी बांधून उतरला. आठवडाभर आधी ते बूट घालून पर्वती चार वेळा चढा. सुटायचा असेल तर इथेच सुटेल. तरी बॅगेत फेविक्विक आणि चिकटपट्टी असू द्या.

निशिगंध

बातुरला नवरा एकटाच जाणार आहे. त्याचे बूट २०१९ चे. आजच बाहेर काढते.

मोरपीस

आम्ही केनिया-टांझानियाला गेलो होतो, उष्ण प्रदेशच, पण नियम वेगळे, म्हणून इथे नोंद करते. पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यायची आणि ते पिवळं कार्ड पासपोर्टला लावून ठेवायचं. ते परत येताना मुंबईत मागतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. आणि प्लास्टिकच्या कॅरी बॅगा: केनियात २०१७ पासून, टांझानियात २०१९ पासून बंद. आपण चपला, ओले कपडे सगळं कॅरी बॅगेत गुंडाळतो ना? सगळं काढून कापडी पिशव्यांत भरा.

वाटसरू

बालीतही २०१९ पासून दुकानांत प्लास्टिकची पिशवी देत नाहीत. घरातल्या कापडी पिशव्या न्या, आपल्याला २०१८ च्या बंदीपासून सवय आहेच.

आणखी एक. बालीच्या पर्यटन कराचे दीड लाख रुपिया माणशी, १४ फेब्रुवारी २०२४ पासून. व्हिसाचे पाच लाख वेगळे. दोन्ही ऑनलाइन आधी भरता येतात. पावत्यांच्या छापील प्रती घ्या. आईंच्या पर्समध्ये त्यांच्या स्वतःच्या कागदांचा वेगळा संच असू द्या, कारण इमिग्रेशनच्या रांगेत त्या पुढे जाऊन एकट्या उभ्या राहू शकतात.

पुढे कधी मार्चमध्ये जाणाऱ्यांसाठी: न्येपीची तारीख बघा. बालीच्या शक पंचांगाचा नववर्षदिन. आपला शालिवाहन शक आणि त्यांचा शक, वर्षाचा आकडा एकच. २०२६ मध्ये गुढीपाडवा आणि न्येपी दोन्ही १९ मार्चला आले आणि दोन्हीकडे १९४८ सुरू झालं. दरवर्षी दिवस जुळतोच असं नाही. आपण गुढी उभारतो, ते चोवीस तास मौन पाळतात. विमानतळ बंद, रस्ते बंद, रात्री दिवे नाहीत, पर्यटकांनीही हॉटेलबाहेर पडायचं नाही. त्या दिवसाचं खाणं, पाणी, औषध आदल्या दिवशी खोलीत हवं.

निशिगंध

मंडळी, परत आलो. तीन आठवडे झाले, लिहायला उशीर झाला. तुमच्यापैकी प्रत्येकाचं काही ना काही उपयोगी पडलं, म्हणून सविस्तर सांगते.

उबुडच्या हॉटेलात कार्ड काढल्यावर फ्रिज खरंच बंद झाला. दुसरं कार्ड मागितलं, त्यांनी लगेच दिलं. नवऱ्याच्या बुटाचा तळवा पर्वतीच्या तिसऱ्या फेरीत टाचेकडून सुटला, नवे घेतले. दोरी आणि चिमटे सगळ्यात जास्त वापरले, कारण उबुडला तीनही दिवस दुपारी पाऊस होता. पंचे रोज वाळले. कार्डाचं म्हणाल तर माझ्या कार्डावरचं एटीएमचं बटण बंदच होतं, निघायच्या आदल्या रात्री चालू केलं. मेतकूट-भात आईने चार वेळा खाल्ला आणि टेंपे तिला इतकं आवडलं की इथे कुठे मिळेल म्हणून विचारतेय.

उलुवातूला चष्म्याला दोरी होती. माकड आईच्या शेजारच्या कठड्यावर येऊन बसलं, दोरीकडे बघत राहिलं आणि पुढे गेलं. आईने माझा हात एवढा घट्ट धरला होता की बोटांचे वळ उठले.

तरी एक वस्तू राहिलीच. उबुडला दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आईची उपाशीपोटीची साखर बघायची होती. स्ट्रिप घातली आणि मशीनच्या काचेवर बॅटरीचं चित्र लुकलुकलं आणि विझलं. स्ट्रिपा शंभर होत्या, सुया दुप्पट होत्या, दोन बॅगांत वाटून ठेवलेल्या. मशीनची बॅटरी कोणीच आणली नव्हती. साखर न मोजता इन्सुलिन द्यायला माझं मन होईना. डॉक्टरांना व्हॉट्सअॅप केला, भारतात तेव्हा पहाटेचे साडेतीन. हॉटेलच्या मुलाने स्कूटरवर घेऊन तीन दुकानं फिरवली, दोन बंद होती. तिसरं घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचं. तो दुकानामागेच राहत होता, त्याने आतून येऊन काउंटरखालचा डबा उघडला. गोल चपटी बॅटरी, अंक २०३२. मी दोन घेतल्या. परत पोचले तेव्हा पावणेआठ झाले होते आणि आई अंथरुणावर बोट पुसून तयार बसली होती.

आईच्या औषधांच्या कागदावर आता सगळ्यात खाली लिहून ठेवलंय: बॅटरी, २०३२, दोन.